अठ्ठावन्न नंबरचं हेल्मेट

आधी नलिनीताईंचं नाव घेते, मग बाकीचं. नलिनीताई मूळच्या वर्ध्याच्या. इथल्या एका हॉस्पिटलात पस्तीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची बरीचशी वॉर्ड सिस्टर म्हणून. आता रिटायर्ड आहेत, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये आमच्या घरापासून तीन बसस्टॉपवर एकट्या राहतात. मला तोंड उघडायला त्यांनी लावलं. कशाबद्दल ते पुढे येईलच. पण काम कुणामुळे झालं ते कामाच्या आधी सांगावं, अशी आमच्या मिरजेच्या लाँड्रीतली रीत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी पहिली इस्त्री फिरवण्याआधी, ज्या कंपाउंडरनं त्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळवून दिलं त्याचं नाव घ्यायचे. देवाचं त्यानंतर.

मैदानावर नव्या रेघा पडल्या त्याला आता महिना झाला. ऑक्टोबर लागला की एक माणूस पांढऱ्या रंगाची ढकलगाडी घेऊन येतो आणि ताणलेल्या दोरीच्या कडेकडेनं गवतावर रेघेशेजारी रेघ ओढत जातो. दुपारपर्यंत सगळं मैदान आखलेल्या वहीसारखं दिसायला लागतं. कुंपणापलीकडच्या झाडांखाली चेस्टनटची तपकिरी फळं फुटून पडलेली असतात, त्यांच्यावरून चालताना पायाखाली काहीतरी मोडल्यासारखं होतं. वरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोला उतरणारं विमान जातं आणि ऊन असेल तर त्याची सावली त्या रेघांवरून सरकते. लाँड्रीच्या दारात उभी राहून मी हे पाहत होते. रंगाचा ओला वास आला. सीझन आला.

मी एका कॉलेजच्या मैदानावर कपडे धुते. पोरं तिथे अमेरिकन फुटबॉल खेळतात. इथे नुसतं फुटबॉल म्हटलं की पायाचा. हा दुसरा, हातांचा आणि अख्ख्या अंगाचा. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर कासवाच्या पाठीसारखी ढाल, मांडीत आणि गुडघ्यात फोमच्या चकत्या. दोन रांगा समोरासमोर वाकून उभ्या राहतात, कुणीतरी ओरडतं, आणि त्या एकमेकींवर आदळतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, मागच्या गोदामाचं शटर पडलं. बघायला बाहेर धावले, तर पोरं हसत होती.

आसपासच्या सहा कॉलेजांचा मिळून एक गट आहे, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर रविवारी रविवारी त्यांच्या आपापसात मॅचेस, आणि फेब्रुवारीच्या शेवटी जो सगळ्यांच्या वर राहील त्यानं कॉन्फरन्स जिंकली. बघायला माणसं किती? आईबाप, मैत्रिणी, दोनतीन कुत्री. पण पोरांचं तोंड बघावं तर जणू लढाईला निघालीत. बाकीच्या कॉलेजांत पोरं आपापली जर्सी आपापल्या घरी धुतात, किंवा धुतच नाहीत. आमच्याकडेही आधी तसंच होतं. मग एका वर्षी निम्म्या पांढऱ्या जर्स्या गुलाबी होऊन आल्या, आणि कॉलेजनं एक बाई ठेवली. ती मी. फॉर्म नलिनीताईंनी भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं तेव्हा मी म्हटलं, “आठवी.” त्या म्हणाल्या, “आठवी पास की नापास?” मी म्हटलं, “परीक्षेला बसलेच नाही.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, हॉस्पिटल लाँड्री, चौदा वर्षं.

ते खोटं नव्हतं. मिरजेला दवाखाने फार, आणि आमच्याकडे दवाखान्यांच्याच चादरी यायच्या. अण्णांचा उजवा हात कोळशाच्या इस्त्रीनं भाजला ते वर्ष माझं आठवीचं. हात बरा होईपर्यंत म्हणून मी शाळा सोडली. हात बरा झाला, पण बोटं मिटेनात. मग मी राहिले ती राहिलेच. रक्ताला थंड पाणी, औषधाच्या डागाला लिंबू, घामाला खार. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाचं बाळ राहिलं नाही, कुणाच्या घरात कोण कुणाला मारतं, हे मला तेराव्या वर्षी कपड्यांवरून कळायचं. आणि कळलं की अण्णांचा एकच नियम असायचा. “कापडावर दिसलं ते पाण्याला सांगायचं, माणसाला न्हाई.” गिऱ्हाइकाची लाज आपल्या हातात असते, ती उघडी करणाऱ्याकडे परत कुणी गाठोडं घेऊन येत नाही, असं ते म्हणायचे.

आमच्या गल्लीत एक गणिताचे मास्तर होते. त्यांचे सहा पांढरे रुमाल आठवड्याला यायचे, कोपऱ्यात बिब्ब्याची खूण. एका पावसाळ्यानंतर त्या रुमालांवर बारीक बारीक तांबूस ठिपके यायला लागले. मी अण्णांना दाखवले. अण्णांनी रुमाल माझ्या हातातून घेतला, थंड पाण्यात टाकला आणि म्हणाले, “घडी नीट घाल.” मी नीट घातली. दर आठवड्याला नीट घातली. मास्तर खोकत खोकत शिकवत राहिले. मग एका आठवड्याला रुमाल आले नाहीत, आणि त्यानंतर कधीच आले नाहीत. त्याबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही.

मागच्या सीझनची गोष्ट.

माझा नवरा सुनील इथल्या एका केअर होममध्ये नर्स आहे. त्याच्या व्हिसावर मी. म्हणजे त्याचं काम बिघडलं तर आम्ही दोघं गेलो, आणि माझं काही बिघडलं तर त्याचं काय होईल, हे मला नीट कुणी कधी सांगितलं नाही. म्हणून मी सगळ्यालाच भिते. बसमध्ये कार्ड टॅप केल्यावर हिरवा दिवा लागेपर्यंत भिते. सरकारी ब्राउन पाकीट आलं की भिते. त्या नोव्हेंबरात मी लाँड्रीत मशीनपाशी बसून सुनीलशी फोनवर बोलत होते, मागून आवाज आला, “ओ माय गॉड, तू मराठी आहेस?”

दारात दार भरेल एवढा पोरगा. चिखलात बुडालेला, हातात हेल्मेट.

“हो. आणि तू?”

“मी मिल्टन कीन्स. म्हणजे मम्मी-पप्पा पुण्याची आहे. मी आदित्य. आदी. माझा मराठी जरा खराब आहे, सॉरी.”

“समजतंय की मला.”

“मग मी तुला मावशी म्हणणार. ओके? आणि मावशी, त्या डब्यात काय आहे?”

थालीपीठ होतं. दोन खाल्ली त्यानं, चिखलाच्या हातानं. त्या दिवसापासून सोमवारी माझ्या डब्यात चार जास्तीची असायची. अठ्ठावन्न नंबर, समोरच्याला अडवणाऱ्या रांगेतला. कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे खेळाचंही शेवटचं. “मावशी, ह्या वर्षी कॉन्फरन्स आमचा आहे, तू बघ,” असं दर सोमवारी म्हणायचा. मला त्याच्या खेळातलं काही कळायचं नाही. त्याची जर्सी कळायची. कोपराला गवत, म्हणजे पडून उठला. पाठीवर गवत, म्हणजे कुणीतरी पाडला. छातीवर दुसऱ्याच्या हेल्मेटचा रंग, म्हणजे तो हलला नाही, दुसराच थांबला. पाठीवर गवत त्याच्या जर्सीला फार कमी.

जानेवारीतली एक मॅच धुक्यात झाली. दुपारचे दोन वाजलेले, तरी पलीकडच्या खांबावरचा पिवळा रंग दिसत नव्हता. पोरं धुक्यात जायची, आवाज यायचा, आणि मग धुक्यातून कमी पोरं परत आल्यासारखी वाटायची. मी लाँड्रीच्या दारातून बघत होते. एकदा आवाज आला आणि त्यानंतर नेहमीचा आरडाओरडा आलाच नाही. थोड्या वेळानं कुणीतरी टाळ्या वाजवल्या, खेळ पुढे गेला.

मॅच संपल्यावर आदी सगळ्यांच्या आधी आला. हेल्मेट छातीशी धरलेलं, तोंड आतल्या बाजूला.

“मावशी, एक छोटी फेवर. हे आत घाण झाला आहे. तू वॉश करशील? आणि प्लीज, कोचला नको सांगू. मी ब्रेकफास्ट खूप जास्त खाल्ला.”

आत उलटी होती. गालाच्या चकत्यांच्या मागे गेलेली, जाळीत अडकलेली. त्याला किती लाज वाटत असेल, एवढंच माझ्या मनात आलं. एवढं मोठं पोर, सगळ्यांसमोर तोंडावर जाळी असताना. मी बटणं काढून चकत्या सुट्या केल्या, जुन्या दातब्रशनं फटी घासल्या, औषध घालून तीन पाण्यांतून काढल्या, हीटरवर वाळवल्या. नवं हेल्मेट दिलं असतं तर त्यालाही इतका छान वास आला नसता. सोमवारी त्याला दिलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, यू आर अ लेजंड.” मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या दिवशी बसमध्ये मी हसत होते.

दोन आठवड्यांनी पुन्हा. ह्या वेळी आवाजही झाला नव्हता. तो नुसता रांगेत उभा होता, कुणीतरी खांद्यानं ढकललं, आणि तो बसला, इतकंच मी बघितलं. तो आत आला, त्यानं आधी भिंतीवरचं बटण दाबून ट्यूब बंद केली.

“लाइट खूप लाउड आहे,” तो म्हणाला.

मी हसले. म्हटलं, ह्याचं मराठी म्हणजे. तो हसला नाही. हेल्मेट टेबलावर ठेवलं. “सेम अगेन, मावशी.” डबा तसाच बंद राहिला.

आणि मी पुन्हा धुतलं. घासता घासता हात थांबत होते, तरी धुतलं. कारण सांगायचं कुणाला, कसं, आणि मी कोण? त्याचं मराठी आधीच अडखळतं. शब्द अडला की तो मराठीचा दोष की डोक्याचा, हे मला कसं कळावं? दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो कपडे देऊन गेला. अकराला परत आला. दारात उभा राहिला, पायात दोन वेगळे मोजे.

“मावशी, मी माझी जर्सी दिला का तुला?”

मशीन त्याच्या समोरच फिरत होतं. काचेतून अठ्ठावन्न आकडा वर येत होता, खाली जात होता, पुन्हा वर येत होता. तो त्याच्याकडेच बघत होता.

“दिलास की रे,” मी म्हटलं. “ही काय.”

“ओ. येस. ओके.” आणि तरी तो जात नव्हता.

फेब्रुवारीतली शेवटची मॅच आमच्याच मैदानावर होती. आम्ही आणि पलीकडच्या गावचं कॉलेज, दोघांचे जिंकलेले सामने सारखे. जो जिंकेल त्याची कॉन्फरन्स. आदल्या शनिवारी सकाळी मी नलिनीताईंकडे पाटवड्या करायला गेले होते. त्या बेसन घोटत होत्या, मी रश्श्याचं वाटण करत होते.

“काहून गं शोभा, खोबरं वाटून राहिली की कोणाचा सूड घेऊन राहिली?”

मी म्हटलं, “ताई, एक विचारू? डोक्याला मार लागला तर उलटी होते का?”

त्यांनी गॅस बंद केला. “सुनीलला लागलं?”

“नाही हो, सुनील ठीक आहे. असंच विचारलं.”

“असंच कोणी हे विचारत नाही. बस इथं. कधी लागलं? उलटी किती वेळा? आणखी काय पाहिलं?”

मी सांगायला लागले, तसं एकेक आठवत गेलं. धुकं. ट्यूबलाइट. मोजे. जर्सी विचारायला परत आला ते. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं. पातेल्यातलं बेसन घट्ट होत गेलं, त्याच्यावर साय धरली.

“आणि ते हेल्मेट?”

“धुतलं.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा. औषध घालून. वाळवून.”

त्या खुर्चीवर बसल्या. “इतकं चांगलं काम कोणी करते काय, बापा,” त्या म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं.

मी रडायला लागले. अण्णांचा नियम सांगितला. मास्तरांच्या रुमालांचं मात्र सांगू शकले नाही, ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. नलिनीताईंनी पाणी दिलं. “अण्णा लाजेबद्दल बोलत होते गं,” त्या म्हणाल्या. “उलटीत कसली आली लाज? पहिला मार भरून यायच्या आधी दुसरा बसला की मेंदू सुजते. कधी कधी पोरगं उभ्या उभ्या पडते, अन् मग उठतच नाही. मी पाहिलं आहे. नेहमी नाही होत तसं. पण मी पाहिलं आहे.”

“मग तुम्ही सांगा ना कोचला. तुमचं इंग्लिश चांगलं आहे. तुम्ही सिस्टर होतात.”

“मी काय पाहिलं? मी तर इथं बेसन घोटून राहिली होती. पाळी बदलताना वॉर्डात एकच रीत असते. ज्यानं पाहिलं त्यानं बोलायचं. जे पाहिलं तेवढंच, ज्या क्रमानं पाहिलं तसं. तुला काय वाटते, ते कोणी विचारल्याशिवाय सांगू नको. डॉक्टर तू नाही. मीपण नाही.”

“माझं काम जाईल, ताई. मीच लपवलं म्हणतील.”

“म्हणतील,” त्या म्हणाल्या. “लपवलंसच ना.”

नंतर त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत चार वाक्यं पाठ करून घेतली. जेवणाच्या टेबलावर, पाटवड्या थंड करत. मी चुकले की त्या चमच्यानं ताटलीवर वाजवायच्या आणि म्हणायच्या, “पुन्हा.” मी कपडे धुते. मी अठ्ठावन्न नंबरच्या हेल्मेटमध्ये उलटी बघितली, दोनदा. त्याला उजेड सहन होत नाही. तो एका तासात विसरतो. आठवीची राहिलेली परीक्षा मी त्या टेबलावर दिली असं मला वाटतं.

रविवारी त्या मला गाडीनं घेऊन गेल्या. आकाश इतकं खाली आलेलं की विमानं नुसती ऐकू येत होती. मैदानाच्या कडेला माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. त्यांतली एक बाई मला बघून हात हलवत आली. हातात स्टीलचा डबा.

“तुम्हीच शोभामावशी ना? मी आदीची आई. अहो, सतत तुमची थालीपीठं सांगत असतो! आमच्या घरचं काही ह्याला आवडत नाही आणि तुमचं बघा. हा चिवडा घ्या. आज जिंकू दे हो पोरांना, झोपलेला नाही तो आठवडाभर. डोकं दुखतंय म्हणतो, टेन्शन आहे.”

मी डबा घेतला. पाचवं वाक्य मिळालं होतं, आणि ते त्याच्या आईनं आपणहून दिलं होतं. नलिनीताईंनी माझ्या पाठीला हात लावला, ढकललं असंही म्हणता येईल.

कोच ग्रॅहम उंच माणूस, आठवडाभर कुठल्यातरी शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या गळ्यात शिट्टी, हातात कागद, आणि मागे पोरं उड्या मारत ओरडत होती. त्या ओरडण्यात मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पाठ केलेलं म्हणायला लागले. “आय वॉश द किट.” तो म्हणाला, हो, हो, थँक्यू, नंतर बोलू का? मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. दुसऱ्या वाक्याला त्यानं कागद खाली केला. चौथ्याला तो माझ्याकडे वाकून ऐकत होता. झोप आणि डोकेदुखीचं मी माझ्या इंग्रजीत घातलं, ते मोडकं होतं, पण त्याला समजलं.

“हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?” त्यानं विचारलं.

“बिकॉज आय क्लीन्ड इट,” मी म्हटलं.

तो वळला, पोरांच्या दुखापती बघणाऱ्या फिजिओ बाईला हाक मारली, आणि दोघं आदीकडे गेली. लांबून मला ऐकू येत नव्हतं. बाईनं त्याला काहीतरी विचारलं, बोट डोळ्यांसमोर धरलं, एका पायावर उभं केलं. तो उभा राहिला, मग त्यानं दुसरा पाय टेकवला. पुन्हा सांगितलं, पुन्हा टेकवला. मग तिनं दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं. इथे तशीच पद्धत आहे. पोराला नुसतं बस म्हटलं तर ते पुन्हा धावत आत जातं, म्हणून त्याचं हेल्मेट काढून घेतात. हेल्मेटशिवाय आत घेत नाहीत. बाईनं ते आणून माझ्या हातात दिलं. “हे धर,” ती म्हणाली, “आणि काही झालं तरी त्याला देऊ नकोस.”

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस घामानं चिकटलेले. एवढा मोठा देह, आणि खालचा ओठ लहान पोरासारखा.

“मावशी, व्हाय? तू प्रॉमिस केला होता.”

मी प्रॉमिस केलं नव्हतं, पण धुतलं होतं, म्हणजे केल्यासारखंच. मी हेल्मेट पोटाशी धरलं. त्यानं हात पुढे केला, मी एक पाऊल मागे गेले. नलिनीताई आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, पाच फूट जेमतेम, मफलर बांधलेल्या. “चल रे बाळा,” त्या म्हणाल्या, “आईजवळ बस. मला तुझ्या गावचं सांग.” तो रडला, पण बसला.

मॅच आम्ही हरलो. एका किकनं. अठ्ठावन्नच्या जागी जो पोरगा उभा होता त्याच्या पाठीवर गवत होतं, मी बघितलं. शेवटच्या शिट्टीनंतर आमच्यातलं एक पोर गुडघ्यांवर बसून जमिनीवर मुठी मारत होतं. पाच वाजता अंधारायला लागलं. मी अजून हेल्मेट धरूनच उभी होते, कुणी घ्यायला येईना.

दुसऱ्या दिवशी कपडे टोपलीत नव्हते. जमिनीवर होते, उलटे, चिखलाचे गोळे करून, दारापासून मशीनपर्यंत. एका पोरानं जाताना विचारलं, “हाउ आर वी टुडे, डॉक्टर?” बाकीचे हसले. मग ते नाव महिनाभर चाललं. ऑफिसात बोलावलं, दोनदा का धुतलंस ते विचारलं. नलिनीताई शेजारी बसल्या होत्या, पण बोलले मीच. काम राहिलं. मशीनच्या वर आता एक पाटी असते, धुताना काही वेगळं दिसलं तर मी त्यावर लिहायचं आणि फिजिओनं रोज बघायचं.

आदीच्या डोक्याच्या फोटोत काही निघालं नाही. रक्त नाही, सूज नाही. हे कळलं त्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं आणि लगेच भीती वाटली. कारण मग पोरं म्हणायला लागली, बघा, काहीच नव्हतं, उगाच कॉन्फरन्स घालवली. पण तो तीन महिने स्क्रीन बघू शकला नाही. परीक्षा पुढे गेली. पडदे ओढून खोलीत पडून असायचा. आई फोनवर मला सांगायची आणि मध्येच गप्प व्हायची. त्या गप्पपणात ती मला दोष देत होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, आता पुन्हा कधीही नाही.

मी नलिनीताईंना विचारलं होतं, “तो खेळला असता तर काय झालं असतं?”

“मला नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “खेळला नाही म्हणून माहीत नाही. हे न माहीत असणं तुला जन्मभर पुरवून पुरवून वापरावं लागेल.”

ते मी अजून वापरते आहे. रात्रीची झोप बरी लागते. पण आता दर सोमवारी सगळी हेल्मेटं मी एकेक करून उलटी करते, चकत्या काढते, नाकाजवळ धरते. घाम, गवत, कुणाच्या तरी केसांचं तेल. काही नाही. पुढचं. काही नाही. ह्या वर्षीची पोरं नवी, त्यांना मागचं माहीत नाही, ती मला गुड मॉर्निंग म्हणतात आणि धावत त्या पांढऱ्या रेघांवर जातात. शटर पडल्याचा आवाज येतो. मी मोजते, मनात, पुन्हा आरडाओरडा सुरू होईपर्यंत. कधी तीन होतात, कधी पाच. एकदा नऊ झाले होते.

मागच्या रविवारी आदी आला होता. काळा चष्मा, अंगानं उतरलेला. ग्रॅहमनं त्याला मैदानाच्या कडेला काठी धरून उभं राहायचं काम दिलंय, चेंडू कुठवर गेला ते दाखवायची काठी. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “मावशी, तू खूप डेंजरस बाई आहेस.” मग म्हणाला, “डब्यात काय आहे?”

त्यानं एकच खाल्लं, पण खाल्लं.

आणि आता ताई, हे शेवटचं तुम्हाला. गेल्या आठवड्यात तुम्ही निळं कार्डिगन घालून दार उघडलंत. डाव्या बाहीची कड तपकिरी झाली होती. किटलीची वाफ लागली, असं तुम्ही म्हणालात. वाफेनं लोकर आकसते, तपकिरी होत नाही. ते आगीनं होतं, गॅसवरून हात नेताना. आणि त्याच बाहीवर, थोडं वर, एक जुना असाच डाग होता, तुम्ही तो धुवायचा प्रयत्न केला होता. म्हणजे दुसऱ्यांदा बाही जळेपर्यंत तुम्हाला कळलं नव्हतं. मी तिथेच म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात, “आता मलापण वाचून राहिली काय?” आणि विषय बदललात. नर्सेस फार वाईट पेशंट असतात, हे तुम्हीच सांगितलेलं.

तुमचं ऋण माझ्यानं असं काही देऊन फिटायचं नाही. पण एक दिवस येईल, लवकर न येवो, तुम्ही डॉक्टरसमोर बसलेल्या असाल आणि म्हणाल, मला काही नाही झालं. त्या दिवशी मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत असेन. जे पाहिलं ते, ज्या क्रमानं पाहिलं तसं, माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगेन. तुम्ही माझा हात दाबलात, मराठीत गप्प बस म्हणालात, आयुष्यभर माझ्याशी बोलला नाहीत, तरी सांगेन.